फाटकाबाहेर नेऊन परत

५ जानेवारी

प्रिय धाकट्या,

फोन करू नकोस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडण्यात माझी सगळी वर्षं गेली, आणि त्या अनुभवावर सांगते, फोनवर माणूस "हं, हं" करतो आणि डोळे वर्तमानपत्रात ठेवतो. तू तर माझं वाक्य अर्ध्यावर तोडतोस. पत्रात तुला तोडता येत नाही. म्हणून पत्र.

आमच्या सोसायटीच्या जिन्यात नोटीस लागली आहे. तू विमा कंपनीत जन्म काढलास, तुला कलमं वाचायला आवडतात, म्हणून मजकूर जसाच्या तसा उतरवते: "आवारात दीर्घकाळ न वापरता उभी असलेली वाहने मालकांनी हटवावीत. आपले वाहन वापरात आहे असे ज्यांचे म्हणणे असेल, त्यांनी ते सर्वसाधारण सभेच्या दिवशी कमिटीसमोर सुरू करून, स्वतःच्या बळावर फाटकाबाहेर नेऊन परत जागेवर आणून दाखवावे. अन्यथा पार्किंगची जागा गरजू सभासदास देण्यात येईल."

गरजू सभासद कोण, तर सेक्रेटरी स्वतः. त्याने दुसरी गाडी घेतली आहे आणि ती रस्त्यावर उभी राहते. काल जिन्यात भेटला.

"काकू, राग मानू नका, पण तुमची गाडी आता शोभेलाच आहे ना?"

"शोभेला तर तुमची कमिटीसुद्धा आहे," मी म्हटलं. "तिला हटवा असं कुणी म्हणतंय का?"

हसला. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. बिल्डिंगमधल्या चार म्हाताऱ्यांच्या गाड्या खाली उभ्या आहेत. नोटीस गाड्यांना उद्देशून लिहिली असली तरी बोट आमच्याकडे आहे. उद्या म्हणतील, सभासद दीर्घकाळ न वापरता घरात उभे आहेत, त्यांनी स्वतःच्या बळावर जिना उतरून दाखवावा.

तुला ठाऊक आहे ही गाडी माझ्यासाठी काय आहे. तुझ्या दाजींची नजर गेली तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी मी चालवायला शिकले. शिकवणारा पहिले चार दिवस हँडब्रेक मुठीत धरून बसला होता. त्यानंतर दाजींना दवाखान्यात नेलं ते मीच, कुणाच्या मिनतवाऱ्या न करता, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. ते गेल्यापासून गाडी फारशी निघत नाही हे खरं आहे. चालवायला मी घाबरत नाही. कुठे जायचं, हा प्रश्न आहे.

आज सकाळी किल्ली फिरवली तर कण्हत कण्हत सुरू झाली. सभा एक फेब्रुवारीला आहे. त्या दिवशी तिने मान टाकता कामा नये. काय करू ते सांग. विक असं सांगणार असशील तर कागद वाया घालवू नकोस.

तुझी ताई


१२ जानेवारी

प्रिय ताई,

सा. न.

पत्र वाचलं आणि तुझ्या युनियनमधल्या बायका तुला "तोफ" का म्हणायच्या ते पुन्हा आठवलं. सेक्रेटरीची दया आली.

कागद वाया घालवतो. विक. माझ्या माहितीत एक चांगला माणूस आहे, गाडी नीट वापरेल. आता तू ओठ आवळले असशील, म्हणून पुढचं लिहितो.

गाडी उभी राहिली की तिची बॅटरी आपोआप उतरत जाते. घड्याळ, कुलूप, असलं काही ना काही आतल्या आत चालूच असतं. तेव्हा रोज संध्याकाळी खाली जा, गाडी सुरू कर, दहा मिनिटं चालू ठेव आणि बंद कर. दिवेसुद्धा लावत जा, म्हणजे खालून जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसेल की गाडी वापरात आहे. रस्त्यावर मात्र नेऊ नकोस. सभेच्या दिवशी फाटकापर्यंत न्यायची आणि आणायची, तेवढं पुरे. हल्लीचे रस्ते आपल्या वयाच्या माणसांचे राहिले नाहीत. मी अपघातांच्या इतक्या फायली पाहिल्या, पण जागेवर उभ्या असलेल्या गाडीने कुणाचा जीव घेतल्याची फाइल एकदाही टेबलावर आली नाही.

आमची गाडी उत्तम आहे. गेल्या रविवारी तुझ्या वहिनीला घेऊन तळ्यापर्यंत जाऊन आलो. हवा छान होती.

स्वेटर घालून खाली जात जा. थंडी आहे.

तुझा धाकटा


२५ जानेवारी

प्रिय धाकट्या,

जागेवर उभ्या असलेल्या गाडीने कुणाचा जीव घेतल्याची फाइल तू पाहिली नाहीस, बरोबर आहे. तिने कुणाला कुठे पोचवल्याची तरी पाहिलीस का?

पण तुझा सल्ला मी अक्षरशः पाळते आहे. रोज सात वाजता खाली जाते, गाडी सुरू करते, दहा मिनिटं चालू ठेवते, दिव्यांसकट. पहिल्या दिवशी वॉचमन धावत आला, "काकू, कुठे निघालात?" मी म्हटलं, "कुठेही नाही." तो डोकं खाजवत फाटकाकडे परत गेला. दुसऱ्या दिवशी नुसती मान हलवून गेला. आता तो बघतही नाही.

आणि यातून एक मोठा फायदा झाला. सभेत मी बोलणार आहे. घरात भाषणाची तयारी केली तर भिंतीपलीकडची बाई भिंतीवर थापा मारते. गाडीत काचा वर केल्या की आवाज बाहेर जात नाही! आवाज कसा घुमतो म्हणून सांगू, मोठ्या हॉलमध्ये बोलल्यासारखा. इंजिनच्या आवाजात बोलता येत नाही, म्हणून दहा मिनिटं झाली की ते बंद करते, आतला दिवा लावते, काचेवर वाफ धरते म्हणून पंखा चालू ठेवते आणि अर्धा-पाऊण तास बोलते. समोर सभा आहे असं धरून चालायचं. वायपर म्हणजे अध्यक्ष.

सुरुवात ऐक: "मित्रहो, वस्तू वापरात आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? जिची वस्तू आहे तिचा, की ज्याला ती जागा हवी आहे त्याचा? आज मोटारीपासून सुरुवात झाली आहे. ही यादी कुठे थांबणार आहे, हे नोटिशीत लिहिलेलं नाही." इथे थांबायचं. टाळ्या येतील. मग पुढे जायचं.

गेटवरच्या सभांचे दिवस आठवतात. तेव्हा टेबलावर उभी राहायचे. आता सीटवर बसून बोलते, पण धार तीच आहे.

तळ्यावर काय काय पाहिलंत ते काही लिहिलं नाहीस. वहिनीची बहीण तिकडेच राहते ना? तिच्याकडे गेला असाल.

तुझी ताई


१ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर यायच्या आधीच लिहिते आहे, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

भाषण असं झालं की काय सांगू. माणसं उठून उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ, जे लग्नातसुद्धा टाळ्या वाजवत नाहीत, त्यांनी वाजवल्या. सेक्रेटरी कागदात तोंड खुपसून बसला होता. नोटीस मागे घ्या असा आवाज मागून आला. मी जिंकले होते रे! तेवढ्यात तो म्हणाला, "काकूंचं म्हणणं मान्य. नियमाप्रमाणे गाडी दाखवू या, म्हणजे प्रश्नच मिटला." आणि मी अशी फुशारलेली, म्हटलं, चला!

सगळी सभा माझ्या मागून खाली आली. मी बसले. किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक टक टक. समोरचे दिवे क्षणभर मिणमिणले आणि गेले. घड्याळसुद्धा बंद पडलं.

कुणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं, मी उत्तर दिलं असतं. एका बाईने पुढे येऊन मला हात देऊन गाडीतून उतरवलं. जसं काही मीच बंद पडले होते. सेक्रेटरी इतक्या मऊ आवाजात बोलला की कानाखाली वाजवावीशी वाटली. "असू दे काकू. आपण एक महिना थांबू. एक मार्चला पुन्हा बघू. नाहीच झालं तर मग..."

मी रोज खाली गेले. एक दिवस चुकवला नाही. तू सांगितलंस तेच केलं. मग हे का झालं?

ताई


६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पत्र वाचून वाईट वाटलं. खरंच. पण मनाला लावून घेऊ नकोस. बॅटरीचं वय झालं असेल. पाच वर्षं म्हणजे बॅटरीला खूप झाली. वस्तूंचं वय होतं आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. माझ्या त्या ओळखीच्या माणसाला मी पुन्हा विचारलं आहे. तो बंद गाडीही घ्यायला तयार आहे. तू फक्त हो म्हण. जागा जाणारच असेल तर सन्मानाने जाऊ दे.

तोपर्यंत निदान बॅटरी आणखी खराब होऊ नये असं वाटत असेल तर तिच्या तारा काढून ठेव. आधी काळी काढायची, मग लाल. उलट करू नकोस. लाल टोकाला पाना लावलेला असताना तो गाडीच्या पत्र्याला टेकला तर मोठी ठिणगी उडते, हात भाजतो. काळी आधी काढली की ती भीती नाही. टोकांवर पांढरी पूड धरली असेल तर गरम पाण्याने धुऊन, कोरडं करून, थोडं व्हॅसलीन लाव. बॅटरी उचलताना कमरेतून वाकू नकोस, चांगलीच जड असते. जमिनीवर ठेवलीस तर खाली लाकडी फळी ठेव आणि वरून कापड टाक.

तू चालवणं सोडलंस म्हणून तुला कुणी कमी समजणार नाही. निदान मी तरी नाही.

तुझा धाकटा


१४ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

आता नीट बस. चहा बाजूला ठेव. हे पत्र लांबणार आहे.

तुझं "सन्मानाने जाऊ दे" वाचलं आणि पत्र टेबलावर आपटून सरळ बाजारात गेले. तिथून दोन गोष्टी घेऊन आले: नवी बॅटरी, आणि बॅटरी किती भरली आहे ते दाखवणारं छोटं मीटर. बॅटरी बसवून घेतली. जुनीचं पोट फुगलं होतं, तेव्हा तिचं वय झालं होतं हे तुझं म्हणणं खरं. पण ती एकटी वयाने मेली नाही. तिला आपण दोघांनी मिळून मारलं. कसं ते ऐक.

मीटर लावायला काही अक्कल लागत नाही, लाल काडी लाल टोकाला, काळी काळ्याला. साडेबाराच्या वर आकडा आला की पोट भरलेलं, बाराच्या खाली गेला की उपाशी. पहिले दोन-तीन दिवस मी तुझ्याच पद्धतीने वागले. रोज दहा मिनिटं, दिव्यांसकट, आणि नंतर आतला दिवा आणि पंखा लावून माझं भाषण. रोज सकाळी मीटर लावत होते. नवी कोरी बॅटरी रे, आणि आकडा रोज थोडा थोडा खाली! मग पद्धत बदलली. सकाळी गाडी काढली आणि गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागले. पाऊण तास जाऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर लावलं, आकडा वर. दोन दिवसांनी पुन्हा गेले. वर तो वरच.

कळलं का? गाडी सुरू करताना बॅटरी एका दमात मोठा घास काढून देते. तो भरून यायला गाडी धावावी लागते. जागेवर दहा मिनिटं गुरगुरून, त्यात दिवे लावून, काही भरून येत नाही. वर अर्धा-पाऊण तास माझं भाषण. माझ्या भाषणाने माणसं पेटतात असं सगळे म्हणायचे. बॅटरी मात्र विझली. हस. मीही खूप हसले, एकटीच, रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून.

आणि हसून झाल्यावर संतापले. तुझ्यावर नाही, तुझ्या त्या सल्ल्यावर. "रोज सुरू कर, पण नेऊ नकोस." किती काळजीचा सल्ला! जग आपल्या वयाच्या माणसांना हेच तर सांगतं. रोज उठा, औषध घ्या, गॅलरीत बसा, श्वास घ्या, दिवे लावा म्हणजे जिवंत आहात हे लोकांना दिसेल. पण फाटकाबाहेर जाऊ नका. आणि मग एक दिवस टक टक झालं की म्हणायचं, वय झालं होतं. मी हे मानत नाही. माझं वय झालं आहे, ते मला कुणी सांगायला नको, गुडघे रोज सांगतात. पण बंद पडण्याचं खापर मी वयावर फोडू देणार नाही, जोवर मला कुणी जागेवरच उभं ठेवलेलं आहे!

आता तुझी पाळी. तुला हे काळ्या तारेचं आणि ठिणगीचं कसं ठाऊक? लहानपणी सायकलची साखळी पडली तर तू ती मला बसवायला लावायचास. आणि "हात भाजतो" हे ज्याचा भाजला आहे तोच लिहितो. लाकडी फळी, वर कापड! हे कुणी पुस्तकात वाचून लिहीत नाही.

तळ्याबद्दलही तू अजून काही सांगितलं नाहीस.

येत्या रविवारी तुम्ही दोघं गाडी घेऊन इकडे या. चार तासांचा रस्ता आहे. तुझ्या गाडीचंही भलं होईल.

तुझी ताई


१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझी बॅटरी नीट झाली, आनंद आहे. मीटरचं वाचून गंमत वाटली. रविवारी येणं जमणार नाही. गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे. शिवाय तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात, इतका प्रवास तिला झेपणार नाही.

बाकीच्या तुझ्या प्रश्नांना काही अर्थ नाही. तारांचं मी कुठेतरी वाचलं असेल. प्रत्येक गोष्टीत उलटतपासणी घ्यायची सवय तू सोड. सगळ्यांना तुझ्यासारखं टेबलावर चढता येत नाही, आणि सगळ्यांनी चढलंच पाहिजे असंही नाही.

एक तारखेला सांभाळून. फाटकापर्यंतच.

धाकटा

(त्याच कागदाच्या मागच्या बाजूला)

ताई, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं. मागची बाजू कोरी दिसली, म्हटलं वाया कशाला घालवायची.

गाडी सर्व्हिसिंगला नाही. दारात आहे, तिच्यावर आवरण घातलेलं आहे, आणि त्या आवरणाखाली मांजर व्यायली आहे. गेल्या वर्षी बाजारात गाडी मागे घेताना एका सायकलवाल्याला धक्का लागला. तो पडला, उठला, पँट झटकली, काही म्हणजे काही झालं नाही. पण जाता जाता म्हणाला, "आजोबा, आता घरी बसा." एवढंच. हे घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पाना घेऊन बॅटरी काढली. बोट भाजून घेतलं ते तेव्हाच. विचारेल त्याला सांगतात, गाडी नादुरुस्त आहे. मी म्हटलं, माझ्या बहिणीकडे तरी न्या, तळ्यापलीकडेच तर आहे. बसने दोनदा चढ-उतार करायला माझे गुडघे ऐकत नाहीत. तर म्हणतात, "बॅटरी कुठे आहे?" अहो, बॅटरी पलंगाखाली आहे, फळीवर, चादर पांघरून! मी रोज तिच्यावर झोपते!

तळ्यावर आम्ही गेलो नाही ताई. जाऊन आलो असं लिहिताना यांना कसं वाटलं असेल, ते मला विचारवत नाही.

यांना सांगू नका मी लिहिलं म्हणून. किंवा सांगा. मला आता काही वाटत नाही.

तुमची वहिनी


२ मार्च, दुपार
तुझ्याच व्हरांड्यातून

प्रिय धाकट्या,

हे पत्र टपालात टाकायचं नाही. तू आत दुपारची झोप काढतो आहेस, आणि मी ते तुझ्या गाडीच्या काचेवर वायपरखाली ठेवणार आहे.

काल दुपारी मी दारात उभी राहिले तेव्हा तुझा चेहरा पाहण्यासारखा होता. "ताई, तू? एवढ्या लांब? एकटी?" मी म्हटलं, परीक्षा झाली, म्हणून आले. त्यात थोडं गाळलं होतं. ते आता सांगते.

काल सकाळी कमिटी ओळीने उभी होती. सेक्रेटरी मोबाइलवर चित्रण करत होता, दुसऱ्यांदा टक टक ऐकायला मिळेल म्हणून. मी किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात अशी उठली की तो एक पाऊल मागे सरला. फाटक उघडलं. मी बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं, जागेवर लावायचं, टाळ्या घ्यायच्या. सगळं ठरलं होतं. भाषणही तयार होतं.

कोपऱ्यावर आले. डावीकडे वळलं की इमारतीला वळसा घालून फाटक. उजवीकडे मोठा रस्ता. आणि माझ्या मनात आलं, फाटकाबाहेर नेऊन परत! एवढ्यासाठी का मी अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले? त्या माणसाला दाखवायला? जागा राखायची, आणि त्या जागेवर गाडी उभीच ठेवायची असेल, तर ती राखून करायचं काय? कुठे जायचं, हा माझा प्रश्न होता ना? वहिनीने तो दहा दिवसांपूर्वीच सोडवला होता. तुझ्या पत्राची तिने लिहिलेली ती मागची बाजू माझ्या पर्समध्ये होती.

मी उजवा दिवा लावला. आरशात सेक्रेटरी दिसला, रस्त्यावर येऊन दोन्ही हात हलवत होता. मीही हात हलवला.

तेव्हा जागा बहुधा गेली. मघाशी वॉचमनचा फोन आला होता, सेक्रेटरीने कालच त्याची नवी गाडी तिथे आणून लावली म्हणे. माझी गाडी "परत आणून दाखवली नाही", असा शेरा मारला आहे. जाऊ दे. परत गेले की भांडेन, आणि तू मला ओळखतोस.

आता तुझ्याबद्दल. मांजरीची पिल्लं वहिनीने खोक्यात घालून व्हरांड्यात ठेवली आहेत, सुखरूप आहेत. आवरण काढलं. पलंगाखालून बॅटरी आम्ही दोघींनी मिळून ओढली, तू तिकडे घोरत होतास, एकदा कूस बदललीस तेव्हा जीव मुठीत धरून बसलो. तिच्यात जेमतेम प्राण आहे, मीटरने सांगितलं. मग बसवली. लाल आधी, काळी नंतर, काढताना असतं त्याच्या उलट, बघ, तुझं शिक्षण कामी आलं. माझी गाडी तुझ्या गाडीच्या तोंडाशी लावली आहे आणि दोघींमध्ये केबल जोडल्या आहेत. हे लिहून झालं की मी माझी सुरू करणार, थोडा वेळ चालू ठेवणार आणि मग तुझी.

म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा तुझी गाडी चालू असेल. आवाजानेच जागा झाला असशील.

आता ऐक. मी केबल काढून घेणार आहे. तू गाडी बंद केलीस तर ती पुन्हा सुरू होईल याची कसलीही खात्री नाही. जागेवर चालू ठेवलीस तर काय होतं ते आपण दोघांनी जानेवारीत पाहिलं. तिला धावावं लागेल, तासभर तरी. वहिनी पुढच्या सीटवर बसली आहे, साडी बदलून, आणि ती उतरणार नाही असं तिने मला सांगितलं आहे. तिच्या बहिणीला कळवलेलं आहे.

त्या सायकलवाल्याने तुला घरी बसायला सांगितलं. तो कोण होता? त्याचं नावही तुला ठाऊक नाही. एका अनोळखी माणसाच्या एका वाक्यावर तू वर्षभर बायकोला पलंगाखालच्या बॅटरीवर झोपवलंस. तू घाबरलास यात लाज नाही. मीही दर वेळी मोठ्या रस्त्याला लागताना घाबरते, काल चार तास घाबरत आले. पण बॅटरीला भीतीतलं काही कळत नाही. गाडी धावली की ती भरते.

मी मागे बसणार नाही. मी व्हरांड्यात पिल्लांपाशी बसते आहे. तू एकट्याने ने.

चष्मा विसरू नकोस. ड्रॉवरमध्ये आहे.

तुझी ताई


११ मार्च

प्रति,
मा. सेक्रेटरी यांस

महोदय,

मी आपल्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावरील सभासद बाईंचा धाकटा भाऊ. विमा कंपनीतील निवृत्त सर्वेक्षक. सध्या सपत्नीक माझ्या बहिणीकडे मुक्कामी आहे. हे पत्र बहिणीने लिहायला सांगितलेले नाही. ती सभेत बोलणार आहे आणि ते आपणांस ऐकावे लागेलच. मी केवळ कलमापुरते लिहितो.

आपल्या नोटिशीत असे म्हटले आहे की वाहन "कमिटीसमोर सुरू करून, स्वतःच्या बळावर फाटकाबाहेर नेऊन परत जागेवर आणून दाखवावे." ही नोटीस मी अनेकदा वाचली. वाहन किती वेळात परत आणावे, हे तीत कोठेही नमूद नाही. किती दूर न्यावे आणि कोणत्या रस्त्याने, हेही नाही. वाहन एक मार्च रोजी आपणां सर्वांसमोर सुरू झाले, याचे चित्रण आपल्याच मोबाइलमध्ये आहे. ते काल दुपारी परत आले. संपूर्ण परतीच्या प्रवासात ते स्वतःच्या बळावर धावले याचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे, कारण मी त्याच्या मागून माझी गाडी चालवीत येत होतो. सबब, अट पूर्ण झाली आहे.

"जागेवर आणून" या शब्दांबाबत: वाहन जागेवर आणले तेव्हा तेथे आपले वाहन उभे होते. बहिणीने हॉर्न वाजवून आपणांस ते हलविण्याची संधी दिली. आपण ते हलविताना ते पहिल्या तीन प्रयत्नांत सुरू झाले नाही, याची मी नोंद घेतली आहे. नवीन गाडी असली तरी उभी ठेवून चालत नाही. बहिणीकडे मीटर आहे. हवे असल्यास तपासून देऊ.

यापुढे अशी परीक्षा घ्यावयाची असल्यास ती आवारातील सर्व वाहनांची घ्यावी, मालकाचे वय न पाहता. तसा ठराव बहीण मांडणार आहे. तिसऱ्या मजल्यावरील गृहस्थ अनुमोदन देणार आहेत.

शेवटी एक. काल फाटकाशी आपण मला म्हणालात, "आजोबा, या वयात एवढ्या लांबून गाडी कशाला? घरी बसायचं." मी त्या वेळी उत्तर दिले नाही. मला उत्तर सुचायला वेळ लागतो. मागच्या वेळी वर्षभर लागले. या वेळी एका रात्रीत सुचले. ते असे:

पाहुण्यांसाठी राखलेल्या जागेत उभी असलेली निळी गाडी माझी आहे. ती कोणास अडचणीची होत असल्यास तिला धक्का मारू नये, ओढून नेऊ नये. दुसऱ्या मजल्यावर येऊन बेल वाजवावी. मी स्वतः खाली येऊन चालवीन.

आपला,
बाईंचा धाकटा भाऊ